मोगरा : कुंडीतला, खोलीतला आणि बाटलीतला

मोगऱ्याचा वास कोणाला आवडत नाही? ऐन उन्हाळ्यात, परीक्षा तोंडावर आलेली, कूलरसुद्धा गरम हवा फेकतोय आणि संध्याकाळी कुठून तरी मोगऱ्याची झुळूक येते... सबमिशनचं टेन्शन दोन मिनिटं तरी विसरायला होतं! पण हा वास फुलात तयार कसा होतो? तो साठवता येतो का? आणि बाटलीवर 'शुद्ध मोगरा' लिहिलं असेल तर ते खरं मानायचं का? आज जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघूया. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी कुठे अडखळली तर सांभाळून घ्या.)

आधी नातीगोती. मोगरा, जाई, जुई, चमेली, कुंद ही सगळी जास्मिनच्याच घरातली मंडळी. मोगऱ्याचं शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. पारिजातक आणि ऑलिव्ह हे त्याच कुळातले चुलतभाऊ. रातराणी मात्र नात्यातली नाही बरं का, ती बटाट्या-वांग्याच्या कुळातली!

आता थोडी केमिस्ट्री. मोगऱ्याच्या वासात बेंझिल अॅसिटेट, लिनालूल, इंडोल अशी बरीच द्रव्यं असतात. यातलं इंडोल एकटं आणि जास्त प्रमाणात हुंगलं तर नाक दाबावं लागेल, पण अगदी थोडं असलं की त्यानंच फुलाला फूलपण येतं. घट्ट कळीला फारसा वास नसतो, कारण काही सुगंधी रेणू साखरेच्या रेणूला बांधलेले असतात. संध्याकाळी कळी उमलू लागली की एन्झाइम ही गाठ सोडतात आणि वास सुटतो. कळी सकाळी तोडली तरी ती संध्याकाळी उमलते आणि वास देत राहते. म्हणजे मोगरा ही भरलेली टाकी नाही, तो चालू कारखाना आहे. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

उदाहरणार्थ, गवती चहाचं तेल वाफेवर काढतात. मोगऱ्याला तेवढी उष्णता दिली की कारखाना बंद पडतो आणि नाजूक वासही बिघडतो. म्हणून जुन्या लोकांनी शांतपणे काम केलं. आपल्याकडे तिळाचे आणि चमेलीच्या फुलांचे थर रात्रभर एकावर एक ठेवत. सकाळी कोमेजलेली फुलं काढून ताजी घालत. असं बरेच दिवस केल्यावर ते तीळ घाण्यावर घालत आणि तेल सुगंधीच निघे. चीनमधल्या फुझौ शहराचा जास्मिन चहासुद्धा असाच, कळ्या आणि चहाची पानं रात्रभर एकत्र ठेवून करतात. कारखान्यात आज सॉल्व्हंट वापरून 'काँक्रीट' नावाचा मेणासारखा पदार्थ काढतात. (सिव्हिलवाल्यांनो, तुमचं नव्हे!)

आता हिशोब करू. हजार किलो मोगऱ्यातून साधारण दीड ते दोन किलो काँक्रीट निघतं. फुलं २०० रुपये किलो धरा. म्हणजे दोन लाखांची फुलं, आणि हाती आलेल्या प्रत्येक ग्रॅममागे नुसत्या फुलांचेच शंभर रुपये किंवा जास्त. मग ६० रुपयांच्या बाटलीत काय असणार? बहुतेक कृत्रिम बेंझिल अॅसिटेट आणि पातळ करायला आणखी काही. कृत्रिम म्हणजे विष नव्हे, पण 'शुद्ध' म्हणून पैसे मोजायचं कारण नाही.

त्यापेक्षा झाड लावा! माझं घर नागऱ्याचं. गोंदियाजवळचं, पुरातन शिवमंदिराचं गाव. आमच्या घरामागच्या वाडीत मोगऱ्याची झाडं आहेत, ती आजीनं लावलेली. तिची पद्धत अशी : पावसाळ्यात जुन्या फांदीची कलमं लावायची. रोजचं सहा तास तरी ऊन हवं. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून छाटणी करायची, कारण फूल नव्या फुटव्यावर येतं. मग शेणखत आणि भरपूर पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून बुडाशी धानाचं तणस पसरायचं. हॉस्टेलच्या गॅलरीत बारा इंची कुंडी पुरते. कुंडीखाली पाणी साचू देऊ नका.

खोलीत वास हवा तर उदबत्तीपेक्षा वाटीभर पाण्यात संध्याकाळी दहा-बारा कळ्या सोडा. बेंझिल अॅसिटेटचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्या वर असला तरी ते खोलीच्या तापमानालाही हळूहळू उडत राहतं, त्यासाठी काहीही जाळायला नको. बंद खोलीत उदबत्तीचा धूर म्हणजे बारीक कण फुप्फुसात; रूममेटला दमा असेल तर विचारच करू नका. माठात फूल टाकायचं तर घरच्या झाडाचंच टाका, बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते.

अंगाला लावायचं असेल तर खोबरेल तेलात कोरडी फुलं एक रात्र ठेवा, गाळा, दुसऱ्या दिवशी नवीन फुलं, असं चार-पाच वेळा. फुलातलं पाणी तेलात राहिलं तर तेल खवट होतं, म्हणून फुलं पुसून घ्या. वास मंदच येईल, पण तो खरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे चूक. युरोपीय संघानं २००३ साली अॅलर्जी करू शकणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली. त्यात लिनालूल आणि बेंझिल अल्कोहोल आहेत, आणि ही द्रव्यं मोगऱ्यातही असतात. बाजारातला अर्क तर थेट त्वचेवर कधीच लावू नये.

शेवटची गोष्ट पुस्तकातली नाही. आजी रोज कळ्या तोडते, शेजारच्या सगळ्या पोरीबाळींना गजरे करून देते, पण आजोबा गेल्यापासून स्वतः एकही फूल माळत नाही. विचारलं की म्हणते, "मले कायले पायजे व माय?" मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आजीला मी हे वाचून दाखवलं. ती हसली, "चांगलं केलं त्याईनं" म्हणाली आणि गजरा पुन्हा माझ्याच केसांत माळला. जबरदस्ती मी करत नाही. फक्त सुट्टीत घरी असले की तिच्या उशाशी कळ्यांची वाटी ठेवते आणि वर सांगितलेलं तेल तिच्या हातापायांना चोळून देते. त्याला ती नाही म्हणत नाही.

तर मित्रांनो, यंदा सुट्टीत घरी गेलात की एक कलम नक्की लावा. आणि पहिल्या कळ्या आल्या की त्या कोणाला द्यायच्या, ते आधीच ठरवून ठेवा!