गोळी तीच, रचना वेगळी

दिवाळीच्या सुट्टीत गावी, पेडगावला (ता. परभणी) गेलो होतो. काकांना नागीण झालेली. डॉक्टरांनी एसायक्लोविर दिलं होतं, ८०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. आजी म्हणाली, "एवढ्या गोळ्या कामून रे? तू केमिकल शिकतूस ना, सांग की!" खरं सांगतो, उत्तर देता आलं नाही. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसलो. त्यातून हा लेख.

गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात गेले असे नाही. आधी ते विरघळले पाहिजे. एसायक्लोविर पाण्यात कमी विरघळते, आतड्यातूनही सहज आत शिरत नाही. साधारण १० ते २० टक्केच रक्तात पोहोचते आणि तेही काही तासांत शरीराबाहेर जाते. म्हणून पाच वेळा.

आता स्फटिकाकडे वळू. पेन्सिलीतले ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही कार्बनच. फरक फक्त अणूंच्या रचनेचा. औषधाचे रेणूही एकापेक्षा जास्त प्रकारे रचले जातात. याला बहुरूपता म्हणतात. जी रचना जास्त स्थिर, ती मोडायला अवघड, म्हणून ती कमी विरघळते.

ही केवळ परीक्षेपुरती थिअरी नाही. अ‍ॅबट कंपनीचे एचआयव्हीवरचे रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आले. तेव्हा त्याचे एकच स्फटिकरूप माहीत होते. १९९८ मध्ये अचानक दुसरे, जास्त स्थिर रूप तयार होऊ लागले. रेणू तोच, पण विरघळेना! कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली आणि रुग्णांना बेचव पातळ औषधावर दिवस काढावे लागले. १९९९ मध्ये नवी कॅप्सूल आली, पण ती फ्रिजमध्ये ठेवायची. लोडशेडिंगच्या गावात ती कशी ठेवणार? उष्णतेत टिकणारी गोळी यायला २०१० उजाडले. तिच्यात औषध स्फटिकरूपात नसून पॉलिमरमध्ये विखुरलेले असते.

म्हणून आता संशोधक नवी रूपे आधीच शोधून ठेवतात. दुसरा मार्ग सहस्फटिकांचा, म्हणजे औषधाच्या रेणूशेजारी दुसरा निरुपद्रवी रेणू बसवायचा. एसायक्लोविरचा असा सहस्फटिक टार्टारिक आम्लाबरोबर, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लाबरोबर, प्रयोगशाळेत तयार झाला आहे आणि तो लवकर विरघळतो. (गोळीवर चिंच खाऊन मात्र काही उपयोग नाही!) याच स्फटिक-अभियांत्रिकीचे अभ्यासक डॉ. अश्विनी नांगिया २०१६ पासून काही वर्षे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

पण नवे रूप म्हणजे आपोआप नवे पेटंट नव्हे. २००५ च्या दुरुस्तीनंतर आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते, की जुन्या औषधाच्या नव्या रूपाने गुण जास्त आला पाहिजे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर एका कॅन्सरच्या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. नाहीतर रचना बदलायची आणि किंमत चढी ठेवायची, हे सोपे झाले असते.

काका आता बरे आहेत. पुढच्या सुट्टीत आजीला सांगणार आहे, "आजी, पाचाच्या दोन गोळ्या करायचं काम आमच्याकडंच आहे." मित्रहो, क्रिस्टलायझेशनचे प्रॅक्टिकल जर्नल उतरवण्यापुरते करू नका!