समुद्रात बुडवायचा प्रकल्प आणि आमचं वीजबिल

‘इंजिनिअरिंगच्या पोरांनी राजकारणात डोकं घालू नये, वेळेवर सबमिशन करावं’ हा सल्ला आपल्याला घरूनही मिळतो आणि कॉलेजातूनही. मीही तो बरेच दिवस पाळला. पण थर्ड इयरला पॉवर सिस्टिमच्या तासाला सरांनी टू-पार्ट टेरिफ शिकवताना फळ्यावर दाभोळ प्रकल्पाचं उदाहरण लिहिलं आणि राजकारण आपोआपच वहीत आलं.

त्या रात्री घरी फोन केला. आमचं गाव अंबड तालुक्यात. थोडी मोसंबी, बाकी कापूस. थ्री फेजची लाईट रात्रीची होती, म्हणून अण्णा मोटार चालू करायला निघालेच होते. मी विचारलं, “अण्णा, एन्रॉन आठवतो का?”

ते हसले. “न आठवायला काय झालं? त्याला तर समुद्रात बुडिवनार व्हते ना! पंच्याण्णवच्या इलेक्शनला पारावर दुसरा विषयच नव्हता. मंग, बुडिवला का शेवटी?”

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मला लायब्ररीत चार दिवस बसावं लागलं. जे सापडलं ते इथे मांडतोय. कुठल्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात लिहिण्याचा हेतू नाही. या गोष्टीत सगळेच पक्ष आहेत, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच!

करार काय होता?

१९९१ नंतर वीजनिर्मितीत परदेशी कंपन्यांना बोलावण्याचं धोरण आलं. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या अंजनवेल परिसरात २०१५ मेगावॅटचा प्रकल्प उभारायचं ठरलं. (नाव मात्र पडलं दाभोळ!) त्यासाठी एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकन कंपन्यांनी दाभोळ पॉवर कंपनी काढली. स्पर्धात्मक निविदा मागवल्याच नव्हत्या. प्रकल्प महागडा आहे, एवढ्या विजेची एकदम गरज नाही, असं सांगून १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीज खरेदीचा २० वर्षांचा करार झाला.

मेसचं गणित

या कराराची मेख कळायला कॉलेजच्या मेसचं उदाहरण पुरेसं आहे. समजा, मेसवाला म्हणाला, “महिन्याला १८०० रुपये ठोक द्यायचे, जेवा नाहीतर जेवू नका. वर प्रत्येक ताटाचे २० रुपये वेगळे.” महिन्यात ६० ताटं जेवलात, तर ठोक रकमेचे ३० आणि वरचे २०, म्हणजे ताट ५० रुपयांना पडलं. दिवाळीला घरी गेलात आणि २० च ताटं जेवलात, तर तेच ताट ९० अधिक २० म्हणजे ११० रुपयांना! मेसवाल्याने भाव वाढवला नाही, भाजीही तीच. तुम्ही कमी जेवलात, एवढंच.

यातले ठोक १८०० म्हणजे स्थिर आकार आणि ताटाचे २० म्हणजे वापरलेल्या विजेचा आकार. प्रकल्प ९० टक्के वेळ तयार असला की वीज घेतली काय, न घेतली काय, मंडळाने स्थिर आकार भरायचाच, असं कलम होतं. हिशेबाचा बराचसा भाग डॉलरशी बांधलेला. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ च्या घरात गेला. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. म्हणजे मेसचं बिल थकलं तर ते तुमच्या बापाकडून आणि बापाकडून नाही मिळालं तर आजोबांकडून वसूल करायचं!

रद्द झाला... आणि पुन्हा सुरू झाला

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हाच मुद्दा केला. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे गोपीनाथ मुंडे गावोगाव सांगत होते की एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. मार्च १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निविदा नाहीत, दर जास्त आहेत, कंपनीला नको तेवढ्या सवलती दिल्यात, असा ठपका समितीने ठेवला. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. वचन पाळलं की नाही? पाळलं! गोष्ट इथे संपली असती तर हा लेखही इथेच संपला असता.

पण कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि सुमारे ३० कोटी डॉलरची भरपाई मागितली. नोव्हेंबर १९९५ मध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने सुधारित प्रकल्पाला मान्यता दिली. दर कमी करून घेतले, असं सरकारने सांगितलं. पण क्षमता २०१५ वरून २१८४ मेगावॅट झाली. आणि आधी दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं, ते आता बंधनकारक झालं. म्हणजे बुडवायला निघालेलं जहाज आणखी मोठं होऊन धक्क्याला लागलं!

मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचं १३ दिवसांचं सरकार दिल्लीत होतं. बहुमत सिद्ध झालेलं नव्हतं, तरी जाता जाता त्या सरकारने सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली.

नाइलाज किती, सोय किती?

पारावर याचं उत्तर सोपं असतं, ‘सगळे एका माळेचे मणी’. मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट वाचल्यावर कळलं की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो.

पहिली गोष्ट नाइलाजाची. करारावर सही पक्षाची नसते, ती मंडळाची आणि सरकारची असते. निवडणुकीत माणसं बदलतात, सही तीच राहते. नवीन सरकारला जुनं कर्ज, जुनी हमी, लवादाची तारीख हे सगळं वारसाहक्काने मिळतं. बापाने काढलेलं पीककर्ज मुलाला ‘मी नाही काढलं’ म्हणून झटकता येतं का? तेव्हा रद्द करण्याची किंमत पाहून एखादं सरकार मागे फिरलं, तर त्याला लगेच बेइमान म्हणणं मला बरोबर वाटत नाही. मात्र ही किंमत भाषणाच्या आधी काढायला हवी होती, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट सोयीची. मागे फिरायचंच होतं, तर ज्या चुकांवर बोट ठेवून मतं मागितली त्या तरी दुरुस्त करायच्या! निविदा मागवता आल्या असत्या, हिशेब लोकांपुढे ठेवता आला असता. सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात घेऊन गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण निकालात सरकारला सुनावलं. प्रकल्प पुन्हा सुरू करायचं ठरल्यावर हे सरकार आधीच्या सरकारसारखंच वागलं आणि स्पर्धात्मक निविदा, पारदर्शकता हे सगळं विसरलं, अशा अर्थाचं ते निरीक्षण होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा धडा त्या निरीक्षणात आहे. जुना करार चालू ठेवणं हा नाइलाज असू शकतो. कारभाराची जुनी पद्धत चालू ठेवणं हा नाइलाज नव्हे, ती निवड असते.

बुडाला, पण कोणामुळे?

मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये सरकार पुन्हा बदललं आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. आता मेसचं गणित खरं ठरू लागलं. नाफ्था महागला, डॉलर वधारला, मंडळ वीज कमी घेऊ लागलं आणि २००० साली काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या विजेवर चालतात. युनिटमागे रुपया-दोन रुपये वाढले तर तिथे काय होतं, हे आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा भाऊ तिथे कामाला आहेत त्यांना सांगायला नको.

२००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. दोष एका सरकारचा नाही, केंद्रातल्या आणि राज्यातल्या वेगवेगळ्या काळच्या सरकारांचा आहे, असं त्या समितीने म्हटलं. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडला, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. गंमत पाहा, बुडवू म्हणणाऱ्यांच्या राज्यात प्रकल्प उभा राहिला आणि ज्यांनी आधी सही केली होती त्यांच्याच राज्यात करार मोडला! २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली, पण गॅसअभावी तीही अडखळत राहिली. दरम्यान राज्यात चार हजार मेगावॅटहून अधिक तूट झाली आणि मराठवाड्याच्या खेड्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं.

आमच्या घरची गोष्ट

आता म्हणाल, एन्रॉनशी तुमचा काय संबंध? सांगतो. २००४ ची निवडणूक जवळ आली तेव्हा सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल गेलं या हिशेबावर अण्णांनी मोसंबीसाठी उसनवारी करून पाइपलाइन टाकली. निवडणूक झाली. आघाडी तीच राहिली, मुख्यमंत्री बदलून विलासराव देशमुख आले आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली. बिल पुन्हा सुरू झालं, उसनवारीही डोक्यावर. माझा जन्म त्याच वर्षीचा. घरात दुधाला होईल म्हणून ठेवलेली कालवड त्या वेळी विकावी लागली. माय अजून तिचं नाव काढते. अण्णा मात्र कुणाला शिव्या देत नाहीत. म्हणतात, “त्यांनी सांगितलं, आन् आपुन इचारलं न्हाई, किती दिवस देणार ते.”

आणि मोफत वीज देताच येत नाही, असंही नाही. त्याच २००४ साली आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी सत्तेवर येताच शेतीला मोफत वीज दिली आणि ती नंतरच्या सरकारांनीही चालू ठेवली. म्हणजे वचन टिकतं की नाही, हे नुसतं वचन कसं आहे यावर ठरत नाही. त्यामागे पैशाची तरतूद किती दिवसांची आहे, त्यावरही ठरतं.

चार प्रश्न

आपण इंजिनिअर होणार. कुठलंही मशीन विकत घेताना स्पेसिफिकेशन विचारतो, मग वचन का आंधळेपणाने घ्यायचं? मी माझ्यापुरते चार प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.

१. हे वचन कुठल्या जुन्या कराराला, कर्जाला किंवा कायद्याला अडणार आहे?
२. मोडायचं किंवा द्यायचं, तर खर्च किती आणि तो कोणाच्या खिशातून?
३. किती दिवसांसाठी? लेखी आदेश आहे की नुसतं भाषण?
४. मागे फिरावं लागलं, तर निदान कारभाराची पद्धत तरी बदलणार का?

२०२४ मध्ये मी पहिल्यांदा मतदान केलं. त्याआधी एका पक्षाचे कार्यकर्ते वाड्यावर आले होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी मुख्यमंत्री बळीराजा योजना तेव्हा नुकतीच आली होती, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी. तेवढं तरी कागदावर होतं, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं. मी दुसरा विचारला, “महावितरणला हे पैसे दरवर्षी वेळेवर मिळतील, याची तरतूद कशी केलीय? आणि आमच्या जुन्या थकबाकीचं काय?” ते माझ्याकडे बघतच राहिले. मग एक जण अण्णांना म्हणाला, “पोरगं लई शिकलंय तुमचं.” अण्णा म्हणाले, “शिकाया तर पाठिवलं. ऱ्हाऊ द्या, पण जबाब द्या त्याला.”

जबाब मिळाला नाही. पण त्या दिवशी पारावर बसलेले आणखी दोघं-तिघं तोच प्रश्न विचारू लागले. बुडवू म्हणणाऱ्याला ‘कसं आणि कितीला?’ असं १९९५ मध्येच पारापारावर विचारलं गेलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येणार नाही. आपल्या गावात पुढची निवडणूक येईल तेव्हा विचारणं मात्र आपल्या हातात आहे. तेवढं आपण करू या. सबमिशन काय, होतच राहील!