फिल्मी लंडन, बसच्या काचेतून

आधीच सांगून टाकतो, मी भांडखोर माणूस नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी झाली. तिथे कुठलीही वस्तू तपासणी आणि सही झाल्याशिवाय दारातून बाहेर पडत नाही. त्याच सवयीने सहल घेतानाही मी सगळं लेखी विचारलं होतं. तरी परत आल्यापासून जो भेटेल तो म्हणतो, "नाना, ब्रोशर नीट वाचलं नव्हतं का?" वाचलं होतं. चष्मा लावून, हातात पेन घेऊन वाचलं होतं.

ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत 'सिनेमावेड्यांसाठी खास लंडन' असं होतं. खाली हॅरी पॉटर, नॉटिंग हिल, दिलवाले, सगळ्यांची नावं. पैसे भरण्याआधी मी टूरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ठिकाणं लिहून पाठवली: वॉल्टन, केनिंग्टनचं सिनेमा म्युझियम आणि रीजंट स्ट्रीटचं थिएटर. खाली विचारलं, "ही दाखवणार ना?" समोरून अंगठा आला. उभा अंगठा. मी त्याच दिवशी पहिला हप्ता भरला.

आमच्या ग्रुपमध्ये जळगावच्या चार मावश्या होत्या. 'झिम्मा' सिनेमा बघून त्यांनी भिशी लावली होती. त्यातल्या एकीने पिशवीभर ज्वारी आणली होती. 'दिलवाले'मध्ये अमरीश पुरी ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये कबुतरांना दाणे टाकतो, तसे टाकायचे म्हणून. तिथे कबुतरांना खायला घालायला २००३ पासून बंदी आहे. टूरवाल्याला ती माहीत नसावी, किंवा सांगायची गरज वाटली नसावी. मावशी ज्वारी घेऊन बसमध्ये परत आल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

माझ्या डोळ्यांवरची झापड उतरली ती चेरिंग क्रॉस रोडवर. बस सिग्नलला थांबलेली. टूर मॅनेजर माईकवर म्हणाला, "या गल्लीतून आत गेलं की लेस्टर स्क्वेअर. तिथे चार्ली चॅप्लिनचा पुतळा आहे, बाकावर मिस्टर बीन आहे, दिव्याच्या खांबाला लटकलेला जीन केली आहे. सगळ्यांनी फोटो काढून घ्या." कसले फोटो? आम्हाला दिसत होती एका दुमजली बसची पाठ. सिग्नल सुटला आणि लेस्टर स्क्वेअर 'झालं'. यादीत त्यावर टिकही पडली.

मी उठून पुढे गेलो आणि शांतपणे विचारलं, "वॉल्टनला कधी जायचं?"

"काका, ते आयटिनररीत नाही."

"अहो, दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९१२ साली."

त्याने हातातली यादी वर-खाली चाळली. "फाळके? ते आपल्या ग्रुपमध्ये आहेत का? कुठल्या रूममध्ये?"

मागे दोघं हसले. मी नाही हसलो. ज्या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, पिकॅडिलीजवळ 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी पाहून थेट संपादकाच्या खोलीत पाय ठेवला, त्या संपादकाच्या ओळखीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परत येऊन 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्याचा रूम नंबर हा महाराष्ट्रातला माणूस मला विचारत होता! आणि सहलीचं नाव काय, तर सिनेमावेड्यांसाठी खास.

त्या रात्री हॉटेलवर मी ब्रोशर पुन्हा काढलं. 'पॅनोरमिक टूर' लिहिलं असेल तर बस थांबणार नाही. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, तीही पार्किंग मिळालं तर. ज्या ठिकाणापुढे 'प्रवेश' हा शब्द आणि तिकिटाचा उल्लेख असेल तेवढंच खरं. हॅरी पॉटरचा स्टुडिओ लंडनमध्ये नाहीच, वॉटफर्डजवळ लीव्ह्‌सडनला आहे. तिकीट आधीच काढावं लागतं, दारात मिळत नाही. आम्हाला दाखवलं ते किंग्ज क्रॉस स्टेशनवर भिंतीत अडकवलेली ढकलगाडी आणि तिच्यापुढची रांग. वर संध्याकाळी साडेसहाला जेवण, का तर ड्रायव्हरचे तास संपतात. तासांचा कायदा खराच आहे, मी तो नाकारत नाही. मग दुपारी शॉपिंगला अख्खे दोन तास कुठून येतात? त्या दुकानातून कुणाला काय मिळतं हे मी लिहीत नाही, वाचणारे शहाणे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी आणि सौ. बसमध्ये चढलो नाही. मॅनेजरने आमच्याकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतली. सही घेताना मात्र त्याची तत्परता बघण्यासारखी होती.

आता ज्यांना खरंच सिनेमाचं लंडन बघायचंय त्यांच्यासाठी.

हॉटेल 'लंडनमध्ये' आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पोस्टकोड मागा, जवळचं ट्यूब स्टेशन आणि त्याचा झोन विचारा. झोन १ म्हणजे मध्यवर्ती शहर. आमचं हॉटेल विमानतळाच्या अंगाला, झोन ६ मध्ये होतं, डोक्यावरून विमानं. त्यातल्या त्यात बरं एवढंच की तिथून पिकॅडिली लाइन थेट लेस्टर स्क्वेअरला जाते.

तिकिटासाठी रांग लावायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड पिवळ्या चकतीला लावायचं. ट्यूबमध्ये जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा, बसमध्ये फक्त चढताना. निघण्याआधी बँकेत जाऊन कार्डावर परदेशातला वापर आणि टॅप दोन्ही चालू करून घ्या. नवरा-बायकोला एकच कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं लागतं. सकाळी कार्ड आणि दुपारी मोबाइल असंही करू नका. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती एकाच कार्डावर धरली जाते. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. मी गेलो तेव्हा बसचं भाडं पावणेदोन पाउंड होतं आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा भाडं लागत नव्हतं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची. आणि ट्यूबचा नकाशा अंतर बघायला वापरू नका. १९३३ मधल्या हॅरी बेकच्या नकाशाच्या धर्तीवर तो अजून आहे, त्यात मार्ग कळतो, अंतर नाही. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन ट्यूबने जाणारा माणूस वर-खाली करण्यातच जास्त वेळ घालवतो. चालत पाच मिनिटं.

बाकी पाणी, छत्री, बूट हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल.

बस सोडली त्या दिवशी आम्ही आधी लेस्टर स्क्वेअर पायी फिरलो. कोपऱ्यावरच्या प्रिन्स चार्ल्स सिनेमात जुने सिनेमे लागतात, चौकातल्या चकचकीत थिएटरांपेक्षा स्वस्तात. रीजंट स्ट्रीटच्या थिएटरपाशी मात्र मी बराच वेळ उभा होतो. फेब्रुवारी १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं लंडनकरांनी त्याच इमारतीत, तेव्हाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाहिली. पॅरिसचा पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५चा. आणि मुंबईत वॉटसन हॉटेलात तीच चित्रं ७ जुलै १८९६ला लागली. लंडननंतर पाच महिनेसुद्धा नाहीत! आपण मागे होतो असं शाळेत ऐकत आलो, या बाबतीत तरी नव्हतो.

लेस्टर स्क्वेअरवरून नॉर्दर्न लाइनने वॉटर्लू. तिथल्या पुलाखाली बीएफआयची, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची, चित्रपटगृहं आहेत आणि बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. वॉटर्लूवरून वॉल्टन-ऑन-टेम्सची रेल्वे मिळते, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. ते लंडनच्या झोनबाहेर आहे, म्हणून खिडकीवर वेगळं तिकीट काढलं. स्टेशनपासून गाव जरा लांब, चालायची तयारी हवी. स्टुडिओ आता नाही. त्याच्या वीजघराची इमारत उरली आहे, तिथे नाटकं होतात आणि तिला हेपवर्थचंच नाव दिलंय. हेपवर्थचं १९२४ मध्ये दिवाळं निघालं, त्याच्या बहुतेक फिल्मा नष्ट झाल्या. आपले दादासाहेबही नाशकात शेवटी हलाखीतच गेले. शिकवणारा आणि शिकणारा दोघांचं नशीब सारखंच. सौ. म्हणाली, "बघायला काही नाही, तरी आलो ते बरं झालं." हे वाक्य मी टूरवाल्याला सांगणार आहे.

केनिंग्टन वॉटर्लूच्या पुढचंच स्टेशन. सिनेमा म्युझियम जुन्या वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना ठेवण्याच्या जागेच्या, इमारतीत आहे. १८९६ मध्ये सात वर्षांच्या चॅप्लिनला आईसोबत तिथेच दाखल केलं होतं. आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. आमच्या टूरवाल्याला महिनाभर आधी एक ईमेल टाकायचा होता, तोही टाकला नाही. आम्ही बाहेरून बघून परतलो. याचा राग मला लेस्टर स्क्वेअरपेक्षा जास्त आहे.

परत आल्यावर पैसे मागितले. टूरवाला म्हणाला, "नाना, अंगठा म्हणजे मेसेज वाचला एवढंच. कबूल केलं असं थोडंच असतं?" तेव्हा ठिकाणांची यादी ईमेलने पाठवा, 'होय, प्रवेशासह' असं उत्तर अक्षरांत येईपर्यंत पैसे भरू नका. रोखीने तर नकोच. परदेशी सहलीवर टूरवाले टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का हे आयकर खात्याच्या २६एएस विवरणात तपासा. आमच्या बाबतीत तो तिसऱ्या फोननंतर जमा झाला.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, टूरवाल्याचं ऑफिस पुण्या-मुंबईला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असंही नाही. ब्रोशर, पावत्या, चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसह छापून ठेवा, फोन बदलला की चॅट जातं.

माझी तक्रार जळगावला दाखल आहे. टूरवाल्याने लेखी उत्तरात म्हटलंय की सर्व प्रवासी अत्यंत समाधानी होते, आणि पुरावा म्हणून ट्रॅफल्गार स्क्वेअरमधला ग्रुप फोटो जोडलाय. त्यात मीही हसतोय. मॅनेजरने तीन वेळा "काका, हसा ना" म्हटलं म्हणून हसलो होतो. ज्वारीची पिशवी मावशींच्या हातात स्पष्ट दिसते. पुढच्या तारखेला त्या साक्षीला येणार आहेत.