मुहूर्त कशाला हवा?

प्रश्न : वय 47. डोंबिवलीहून रोज लोकलने सीएसएमटीला जाते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ऑगस्ट तर निघून चालला. 1 जानेवारीपासूनच नीट सुरू करू का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, थांबू नका. तारखेने सवय लागत नाही. रोजच्या ठरलेल्या कामाला जोडली की लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आज संध्याकाळी गाडीतून उतरलात की रिक्षाच्या रांगेत न थांबता फडके रोडने दहा मिनिटं चाला. पाऊस असेल तर इमारतीच्या आवारात. वेग मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच थांबा आणि त्यांना दाखवा.