‘ऱ’चा शोध आणि शून्य उत्तर

बेळगाव-निपाणी परिसरातील मराठीचा अभ्यास आता संगणकावर टंकलेल्या मजकुरावरूनही होऊ लागला आहे. पदव्युत्तर वर्गात मी विद्यार्थ्यांना निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाविषयीच्या मजकुरात ‘शेतकऱ्यांचे’, ‘शेतकऱ्यांना’ ही रूपे शोधायला देतो. कधी कधी उत्तर शून्य येते. शब्द डोळ्यांना दिसतो, यंत्राला सापडत नाही. याची कारणे दोन आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी जुने लेखन चालू ठेवण्याची सोय आहे.

पहिले कारण शोधाच्या भाषेत आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा. त्यात बॅकस्लॅश ही खूण पुढील अक्षराचा नेहमीचा अर्थ बदलते. या जोडीला एस्केप म्हणतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’चा क्रमांक ०९३१ आहे. बॅकस्लॅश, रोमन ‘यू’ आणि महिरपी कंसात ९३१ असे लिहून तो मागण्याची सोय जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकाने दिली. परंतु ब्राउझरच्या जुन्या रीतीत अर्थ न लागणारा बॅकस्लॅश सोडून दिला जाई आणि कंसातील आकडा ‘इतक्या वेळा’ असे सांगे. जुनी संकेतस्थळे बिघडू नयेत म्हणून हा अर्थ तसाच ठेवला गेला. परिणामी साच्याला ‘यू’ हा ध्वज न जोडल्यास यंत्र ‘ऱ’ शोधत नाही. सलग ९३१ वेळा आलेला रोमन ‘यू’ शोधते, आणि कोणताही इशारा देत नाही. ध्वज जोडला की ‘ऱ’ सापडतो. शिवाय अनोळखी एस्केप आल्यास यंत्र चूक दाखवून थांबते.

दुसरे कारण लिपीच्या नोंदणीत आहे. ‘दर्या’हून ‘दऱ्या’ वेगळा करणारा अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ आणि पाय मोडल्याची खूण असा लिहिला जातो. मात्र आवृत्ती २.० शी सुसंगती राहावी म्हणून ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि शून्य रुंदीचा जोडक ही जुळणीही चालते. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात. आतील क्रमांक वेगळे असतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही.

म्हणून शोधापूर्वी मजकुराच्या प्रतीत सर्वत्र एकच जुळणी करून घ्यावी, मूळ प्रत जपावी, ध्वज जोडावा, आणि जे रूप मजकुरात नक्की आहे त्यावर साचा आधी तपासावा. भाषाभ्यासात शून्य हाही पुरावा ठरतो. सीमाभागाच्या मराठीत अमुक रूप ‘आढळत नाही’ असे लिहिण्याआधी, आपण ते खरोखर शोधले होते का, हे पाहिलेच पाहिजे.