दिल्लीची डिझायर की जळगावची वॅगनआर?

प्रश्न : आम्ही जळगावला राहतो, आई-वडील धुळ्याला. महिन्यातून दोन फेऱ्या तिकडे, एरवी शाळा आणि बाजार. दोन जुन्या गाड्या पसंत पडल्या आहेत. एक 2015 ची डिझेल डिझायर, डीएल पासिंग. दुसरी 2016 ची पेट्रोल वॅगनआर, एमएच-19, एकाच मालकाची. किंमत जवळपास सारखीच. एजंट म्हणतो, डिझेलच घ्या, ॲव्हरेज भारी आहे. काय करू?

उत्तर : ॲव्हरेज भारी आहे, यात एजंट खोटं बोलत नाही. पण हिशेब तुमच्या फिरण्यावर करायला हवा. धुळ्याच्या दोन फेऱ्या आणि गावातलं फिरणं धरून वर्षाला साधारण 10 हजार किलोमीटर होतील. पेट्रोल 105 रुपये आणि वॅगनआर लिटरला 18 किलोमीटर धरा, वर्षाचे सुमारे 58 हजार. डिझेल 92 आणि डिझायर 22 धरा, सुमारे 42 हजार. म्हणजे वर्षाला 16 हजारांची बचत, तीही सर्व्हिसिंगचा जादा खर्च वजा करायच्या आधी.

आता दुसरी बाजू. डिझायरमधलं 1.3 लिटरचं इंजिन मूळ फिएटचं, दणकट. मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी पार्ट मिळतात आणि कारागीरही सापडतात. पण दहा वर्षांच्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, क्लच यांतलं काही बसलं की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. वॅगनआरच्या पेट्रोल इंजिनात टर्बो नाही, टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे. बिघडायला तिथे सामानच कमी. तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्याने तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. रोज जळगाव-धुळे अप-डाऊन असतं तर उत्तर बदललं असतं.

डीएल पासिंगचं गणित वेगळंच आहे. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई करणारा हरित लवादाचा 2015 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या पडत्या भावात इतर राज्यांत उतरतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, एमएच नंबर ही सगळी धावपळ तुमच्या माथी. मग किंमत ‘सारखी’ कुठे राहिली? अगदी सुरतेहून आणलेल्या जीजे पासिंगलाही ही धावपळ लागू.

वॅगनआर पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधी गाडी चालू करू नका म्हणून सांगा. इंजिन थंड असतानाच त्याचा खरा आवाज आणि धूर कळतो. एसी मात्र भर दुपारी, गाडी उभी ठेवून वीस मिनिटं लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, कमकुवत रेडिएटर आणि दमलेला कॉम्प्रेसर तेव्हाच उघडे पडतात. मीटरवर 45 हजार दिसत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा. टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर महामार्गावर नको. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी झालीय का, हे विचारा.

कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहून गेलेला असतो. तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, 14 दिवसांत नाव बदलायला टाका. विमाही त्याच मुदतीत तुमच्या नावावर करून घ्या. ‘पन्नास टक्के बोनसवाली पॉलिसी आहे’ म्हणून कुणी भाव वाढवत असेल तर ऐकू नका, तो नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो.