पाकोळी मोठी की शिंजीर?

प्रश्न : आमच्या जास्वंदीवर राणी पाकोळी आणि जांभळा शिंजीर दोघंही येतात. मला तर पाकोळीच मोठी दिसते. हे खरं का? आणि दोघांचं खाणं एकच असतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमची नजर चुकलेली नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीचे पसरलेले पंख १२ ते १५ सेंटिमीटर भरतात. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. वजनात मात्र शिंजीरच भारी, तोही साधारण १० ग्रॅमच्या आतला.

मकरंद दोघंही पितात, पण तऱ्हा वेगळी. पाकोळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडते आणि पिताना पुढचे पंख फडफडवत राहते. शिंजीर बहुधा डहाळीवर बसूनच बाकदार चोच फुलात घालतो. फूल खोल असेल तर सरळ बुडाशी भोक पाडून मकरंद पळवतो. जास्वंदीच्या देठाजवळ बारीक भोक दिसलं, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

खरा फरक पिलांच्या खाण्यात आहे. पाकोळीची मादी लिंबू, पपनस यांच्या पानांवर एकेक अंडं घालते आणि निघून जाते. अळी पानं खाऊन एकटीच वाढते. कोवळ्या वयात ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटीसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठेपणी हिरवी होते आणि डिवचलीत तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते.

शिंजीराची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून लोंबतं घरटं विणते आणि एकटीच अंडी उबवते. पिलांना भरवायला नरही येतो. त्यांच्या वाढीला प्रथिनं लागतात, ती मकरंदात फारशी नसतात. म्हणून मोठ्यांची मेजवानी फुलावर असली, तरी पिलांच्या तोंडी कोळी, किडे आणि अळ्याच पडतात.

तेव्हा दोघंही अंगणात टिकावेत असं वाटत असेल, तर नुसती फुलझाडं लावून भागणार नाही. एखादं लिंबाचं झाड लावा, त्याची चार पानं अळ्यांनी कुरतडली तर कुरतडू द्या. कोपऱ्यातली जाळी झाडू नका आणि कीटकनाशकाचा फवारा तर मारूच नका.